पॅट्रन वॉरियरचा नर्फ: योग्य की अतिरेक?

पत्तेबहाद्दर:
विषय ब्लिझार्डच्या हार्थस्टोन या ऑनलाइन कार्ड गेमचा, २०१५ सालचा. पण कुठल्याही कार्ड गेममध्ये नर्फ, म्हणजे एखादं कार्ड कमजोर करणारा बदल, आला की हाच वाद पेटतो, म्हणून मांडतोय. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्लिझार्डने वॉरियर वर्गाच्या पॅट्रन डेकमधलं वॉरसाँग कमांडर हे कार्ड बदललं ते बरोबरच केलं. उलट उशीर केला.

तो आठवा टर्न आठवा. माना म्हणजे कार्ड टाकायचा खर्च, आठव्या टर्नला ८. वॉरसाँग ३ मानाचं, ग्रिम पॅट्रन ५ चा. वॉरसाँग टेबलावर असताना ३ किंवा कमी अटॅकचा मिनियन (टेबलावर लढणारं कार्ड) उतरला की त्याला लगेच चार्ज, म्हणजे त्याच टर्नला हल्ला. पॅट्रन ३/३ (३ अटॅक, ३ हेल्थ), आणि मार खाऊन जगला की शेजारी दुसरा पॅट्रन उभा. समोर पॅलाडिन वर्गाचे तीन १/१ रिक्रूट असले, तर पहिल्या पॅट्रनने एक मारला की दुसरा जन्मतो. तोही चार्ज घेऊनच येतो आणि पुढचा मारतो. शेवटी तुमचं टेबल साफ, त्याच्याकडे चार पॅट्रन, आणि चौथा थेट तुमच्या हीरोवर. म्हणजे पॅलाडिनची हीरो पॉवर (एक रिक्रूट उतरवणारी) वापरणं हीच शत्रूला मदत! लहान मिनियनवर उभ्या असलेल्या डेकांनी करायचं काय? तो डेक किती वेळा जिंकतो यापेक्षा त्याच्यामुळे काय काय खेळता येत नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

टेंपोवाली:
अजिबात पटलं नाही. पॅट्रन हा त्या काळातला सगळ्यात अवघड डेक होता. नवख्याच्या हातात तो हरायचाच. कुठलं कार्ड राखायचं, व्हर्लविंड (सगळ्या मिनियनना १ मार देणारं कार्ड) कधी टाकायचा, एम्परर थॉरिसनने हातातली कार्डं स्वस्त झाल्यावर कॉम्बोचं गणित कसं बसतं, हे सगळं टर्नची वेळ संपत आल्याची दोरी जळत असताना करावं लागायचं. मेहनतीला फळ देणारा डेक मारून काय मिळवलं?

खरा गुन्हेगार बघायचा तर २०१४ चा अंडरटेकर बघा. १ मानाचा १/२, प्रत्येक डेथरॅटल (मेल्यावर परिणाम करणाऱ्या) मिनियनमागे +१/+१. पहिल्या टर्नला तो आला आणि तुमच्याकडे उत्तर नसलं की तिसऱ्या टर्नपर्यंत ४/५ होऊन अंगावर. त्यात कसब कसलं?

शेवटचा_माना:
अंडरटेकरबद्दल ताईंशी सहमत. पण जानेवारी २०१५ मध्ये त्याची फक्त हेल्थची वाढ काढली, कार्ड जगलं. वॉरसाँगचं मात्र 'तुमच्या चार्ज मिनियनना +१ अटॅक' करून टाकलं. ते कोण डेकमध्ये घालणार?

पत्तेबहाद्दर:
ताई, अवघड होता हे मान्य. पण ती चुरस खेळणाऱ्याच्या डोक्यात, समोरच्याला काय? फ्रॉदिंग बर्झरकर (कुठल्याही मिनियनला मार बसला की याचा अटॅक +१) आणि व्हर्लविंड हातात असले की ३० हेल्थवरही सुरक्षित वाटायचं नाही, आणि त्याचं टेबल रिकामं असल्यामुळे आधी काही करताही यायचं नाही. शिवाय वॉरसाँगवर बीटामध्येही (गेमच्या चाचणी काळात) एकदा कात्री चालली होती. आयता चार्ज वाटणारं कार्ड राहिलं की पुढचा प्रत्येक लहान मिनियन बनवताना त्याचाच विचार करावा लागतो. आणि पॅट्रन मेला कुठे? वॉरसाँगशिवाय, संथ डेकांत तो नंतरही खेळला गेलाच की.

टेंपोवाली:
तो नावाचाच पॅट्रन. ३० हेल्थ एका फटक्यात जाते ही तक्रार असेल तर ती फ्रॉदिंगची आहे, मग त्याच्या अटॅकला मर्यादा घालायची होती. पॅट्रन टेबलावर दिसतो, ३ अटॅकच्या मिनियनने मरतो, त्याला उत्तर आहे. दोष एका कार्डाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हे मी आजही मान्य करणार नाही.