मदत हवी आहे: मांजर घेऊन मुंबई ते फ्रँकफर्ट

नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली फ्रँकफर्टला झालीये आणि आमची मनी सोबत येणार म्हणजे येणारच. मायक्रोचिप झाली, मग रेबीजची लस, आता ३० दिवसांनी रक्त टायटर टेस्टला (लशीमुळे पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघायला) जाईल आणि सॅम्पल घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबायचं, इथपर्यंत कळलं. पण केबिनचं काय? लुफ्थान्झाची केबिनमधली मर्यादा बॅगेसकट ८ किलो, आणि मनी एकटीच सहाच्या वर (सासूबाईंची कृपा, दिवसातून तीनदा दूध). चेक-इनला खरंच वजन करतात का? सिक्युरिटीला बाहेर काढावं लागतं म्हणे, ही तर डॉक्टरकडे बॅगेची चेन जरा उघडली की कपाटाखाली. आणि एक्यूसीएसचं (प्राण्यांची ने-आण तपासणारं सरकारी खातं) सर्टिफिकेट स्वतः काढलं की एजंट लावला? एजंट सांगतोय त्या पैशात माझं तिकीट येईल. हल्ली कोणी नेलंय का मांजर?