व्यवहार्यता अहवाल: तांत्रिक शक्यता पुरेशी नाही

व्यवहार्यता अहवाल, म्हणजे प्रकल्प प्रत्यक्षात चालेल का आणि परवडेल का याचा आधी केलेला अभ्यास, ही कर्ज मंजुरीपुरती औपचारिकता असते, असे काही जण म्हणतात. हे मत मला अर्धेच पटते. दाभोळ वीज प्रकल्पाला १९९३ मध्ये जागतिक बँकेने अर्थसाहाय्य नाकारले, तेव्हा वीजनिर्मितीचे संच चालतील की नाही हा मुद्दा नव्हता. प्रकल्प गरजेच्या मानाने मोठा असून आयात द्रवरूप वायूवरची वीज महाग पडेल, असा आक्षेप होता. तरीही १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने तिथली वीज खरेदी थांबवली. बँकेचा अभ्यास चुकला नव्हता, तो ऐकला गेला नाही.

लहान उद्योगांत मात्र अहवालच कच्चा असतो. कोकणातील एका काजू प्रक्रिया युनिटचा अहवाल मी तपासला होता. त्यात कच्च्या बियांची खरेदी बारा महिन्यांत सारखी विभागलेली होती! प्रत्यक्षात बी साधारण मार्च ते मे या काळात येते. तेव्हाच ती घेऊन, उन्हात वाळवून वर्षभर साठवावी लागते. म्हणजे खेळते भांडवल (माल खरेदी आणि रोजच्या खर्चाचा पैसा) सुरुवातीलाच हवे, आणि बँकेकडे तेवढी कर्जमर्यादा मागितलीच नव्हती. यंत्रांची दरपत्रके मात्र चोख जोडलेली होती.

वैद्यकीय संशोधनात ‘व्यवहार्यता’ हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तिथल्या व्यवहार्यता अभ्यासात औषध गुणकारी आहे का हे पाहत नाहीत. पुरेसे रुग्ण सहभागी होतील का आणि किती जण मध्येच सोडून जातील, हे आधी पाहतात.