समतोल फंडातली शाश्वत थीम: रोख्यांच्या ४० टक्क्यांचं काय?

जमाखर्च:
६० टक्के समभाग, ४० टक्के रोखे असा एक समतोल फंड तपासतोय. थीम शाश्वततेची आहे: पाणी, ऊर्जाबचत, पुनर्वापर. फॅक्टशीटमधल्या (फंडाच्या माहितीपत्रकातल्या) पहिल्या दहा नावांत थीम ठळक दिसते, पण ते दहाही समभाग आहेत. रोख्यांपुढे फक्त 'सरकारी २२, कंपन्यांचे १८' एवढंच लिहिलंय. रोख्यांना थीम खरंच लावली आहे का, हे कसं ओळखायचं? आणि थीममुळे ६०:४० चा तोल बिघडतो का?

रोखेपाल:
फॅक्टशीटवर थांबू नका, संपूर्ण होल्डिंगची यादी उतरवून घ्या. प्रत्येक रोख्यापुढे तीन गोष्टी लिहा: रोखा कोणी काढला, पैसा कशासाठी बांधलेला आहे आणि ड्युरेशन (व्याजदर बदलला की रोख्याची किंमत किती हलते, त्याचं माप) किती.

ग्रीन बाँडचा पैसा ठरलेल्या प्रकल्पांनाच लावायचा असतो. आयसीएमए या आंतरराष्ट्रीय भांडवल बाजार संघटनेची ग्रीन बाँड तत्त्वं चार गोष्टी मागतात: पैशाचा विनियोग, प्रकल्प निवडीची पद्धत, पैशाचा वेगळा हिशेब आणि अहवाल. पण ही तत्त्वं ऐच्छिक आहेत, म्हणून त्रयस्थ संस्थेचं मत आणि दरवर्षीचा वाटप अहवाल प्रत्यक्ष उघडून पाहा. त्यात नवे प्रकल्प किती आणि जुन्या कर्जाची फेड किती, हा आकडा शोधा. पैसा पूर्वीच उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांचं कर्ज फेडण्यात गेला असेल, तर लेबल हिरवं असूनही त्या रोख्यातून थेट नवं काही उभं राहिलेलं नाही. आणि परतफेड सहसा कंपनीच्या सगळ्या ताळेबंदातून होते, एकट्या प्रकल्पातून नाही. त्यामुळे पतजोखीम त्याच कंपनीच्या साध्या रोख्याएवढीच धरा.

सस्टेनॅबिलिटी-लिंक्ड बाँड, म्हणजे ज्याचं व्याज कंपनीच्या शाश्वततेच्या उद्दिष्टाशी जोडलेलं असतं तो रोखा, वेगळ्या रकान्यात टाका. तो पैसा कंपनी कशालाही वापरू शकते. उद्दिष्ट हुकलं तर व्याज वाढतं, बहुधा ०.२५ टक्क्याने. इटलीच्या एनेल कंपनीने २०१९ मध्ये असा रोखा आणला. तिचं २०२३ चं उत्सर्जनाचं उद्दिष्ट हुकलं आणि संबंधित रोख्यांचं व्याज तेवढं वाढलं. म्हणजे कंपनी नापास झाली की रोखेधारकाला जादा पैसे! माझ्या मते हे रोखे थीममध्ये धरूच नयेत.

साधे सरकारी रोखे थीममध्ये शून्य. ते वाईट नाहीत, पडझडीत आधार तेच देतात; पण त्यांना शाश्वत म्हणून मोजणं चूक.

टक्केवारी:
समभागांच्या मोजणीतही मोठी गफलत होते. अनेक फंड थीमच्या कामातून येणाऱ्या उत्पन्नाची एक किमान मर्यादा ठरवतात, समजा २० टक्के. ती ओलांडली की अख्खी कंपनी थीममध्ये जाते. तुम्ही वजन आणि थीमच्या उत्पन्नाचा वाटा यांचा गुणाकार करा. फंडात ५ टक्के वजन असलेल्या कंपनीचं ३० टक्के उत्पन्न पाण्याच्या कामातून येत असेल, तर थीम १.५ टक्के, ५ नव्हे.

अशी बेरीज करून ६० टक्के समभागांत सरासरी वाटा ४५ टक्के निघाला, तर समभागांतून २७. त्यात खरे ग्रीन बाँड १२ असले तर एकूण ३९. जाहिरातीत याच फंडावर '८० टक्के शाश्वत' असं लिहिलेलं असू शकतं आणि त्यांच्या व्याख्येनुसार ते खोटंही नसतं.

ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) गुणांवर भिस्त ठेवू नका. एकाच कंपनीला वेगवेगळ्या मानांकन संस्था फार वेगळे गुण देतात, कारण काय मोजायचं आणि कशाला किती वजन द्यायचं यावरच त्यांचं एकमत नाही.

तराजू:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बिघडतो. पैशांची वाटणी ६०:४० असली तरी जोखमीची तशी नसते. समभागांची वार्षिक अस्थिरता (परतावा किती वरखाली होतो ते) २० टक्के, रोख्यांची ६ आणि सहसंबंध (दोन्ही किती एकत्र हलतात ते) ०.२ धरा. फंडाची अस्थिरता येते सुमारे १२.७ टक्के आणि त्यातली जवळजवळ ९३ टक्के जोखीम समभागांची. थीमचे समभाग मोजक्या क्षेत्रांतले आणि बऱ्याचदा मध्यम आकाराच्या कंपन्यांचे, म्हणून तिथे २० ऐवजी २४ धरा. फंड १५ वर जातो. पूर्वीच्या १२.७ वर यायचं तर समभाग ४९ टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागतात.

दुसरा धोका व्याजदराचा. अक्षय ऊर्जेचे प्रकल्प कर्जावर उभे राहतात, त्यामुळे दर वाढले की समभागही दबतात. त्याच वेळी ७ ड्युरेशनचे रोखे १ टक्का दरवाढीला साधारण ७ टक्के पडतात. ४० टक्के वजनावर फंडाला २.८ टक्क्यांचा फटका. २०२२ मध्ये समभाग आणि रोखे एकदमच घसरले होते. म्हणून फंडाचं सरासरी ड्युरेशन बघा आणि एकाच कंपनीचे समभाग व रोखे दोन्ही आहेत का, तेही. असतील तर दोन्हीची बेरीज करून मर्यादा तपासा.

जमाखर्च:
गुणाकार करतो. फॅक्टशीटमध्ये कार्बन तीव्रता तीन वर्षं सतत घटलेली दिसतेय. ही तरी जमेची बाजू धरायची ना?

टक्केवारी:
लगेच नको. ती उत्पन्नाच्या प्रमाणात मोजतात, दर दहा लाख डॉलर उत्पन्नामागे किती टन अशी. महागाईने उत्पन्न २० टक्के वाढलं आणि उत्सर्जन तेवढंच राहिलं, तरी १०० चा आकडा ८३ होतो. एक टनही कमी न होता! एकूण टन मागा, स्कोप ३ (पुरवठादार आणि ग्राहकांकडचं उत्सर्जन) धरलाय का विचारा. आणि तो आकडा फंडाच्या किती टक्के वजनावर काढलाय हे नक्की बघा. तळटीपेत 'फक्त समभाग' असं लिहिलेलं असेल, तर तुमचे ४० टक्के रोखे त्यात नाहीतच.