जीर्णोद्धाराआधी देवळाची तपासणी करायची की सरळ पाडायचं?

सड्यावरचा_वाटसरू (धागा सुरू करणारा)

आमच्या गावच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. तालुका राजापूर, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जीर्णोद्धार म्हणजे आपल्याकडे काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: जुनं पाडायचं, स्लॅब टाकायचा, ऑइलपेंट मारायचा. मुंबईच्या मंडळाची पावतीपुस्तकं छापून झाली, शिमगा आटपला की कुदळ पडणार.

देऊळ जांभ्याचं, चुन्यातलं. काही खांब सागाचे, काही किंजळीचे. भिंती ओल धरतात हे पाडण्याचं कारण. पण ओल येते कुठून, हे कुणी पाहिलं? मी लहान होतो तेव्हा सभामंडप शेणाने सारवलेला असायचा आणि भिंती कोरड्या असायच्या. पुढे चकचकीत टाइल्स बसल्या. जमिनीतली ओल पूर्वी जमिनीतूनच उडून जायची. आता ती टाइल्सखालून सरकत भिंतीकडे जाते आणि जांभ्याच्या भोकांतून वर चढते. मग भिंतीला खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा मारला, तर ओल त्याच्याही वर गेली. दुखणं आपणच दिलं आणि आता म्हातारा झाला म्हणून पोचवायला निघालो आहोत.

चुन्याचे चार खडे प्रयोगशाळेत द्या. खांब आतून पोखरलेत का, ते बारीक सुईच्या ड्रिलने बघा. सुई जिथे अडत नाही तिथे लाकूड पोकळ. काही हलवायच्या आधी सगळ्या देवळाचे फोटो काढून त्रिमितीय नकाशा करा. मग पाडायचं तर पाडा. एवढंच मागतोय.

लालबागचा_चाकरमानी

दादा, आधी सांगा, तुम्ही बाराही महिने गावात राहता की पालखीपुरते येता? (मीही पालखीपुरताच येतो, म्हणून विचारतो.)

आपल्या वाडवडिलांनीही देऊळ बदललंच की. आधी गवत शाकारलेलं होतं, मग नळीची कौलं आली, मग मंगळुरी कौलं. तेव्हा कुणी लॅबचा रिपोर्ट मागितला नाही. देवी जागृत आहे, देऊळ रोजच्या वापरातलं आहे, ते म्युझियम नव्हे. लोकांनी श्रद्धेने पाच-पाच हजार दिलेत ते नवं देऊळ बघायला, खड्यांची पूड करायला नाही.

मालवणचो_बाबल्या

कौलारू देऊळ बगूक बरा दिसता. पण पावसाच्या आदी कौला परतूक माणूस गावता खय? आमच्या वाडयेत दोगे होते. एक गेलो, दुसऱ्याक आता शिडयेर चडूक जमना नाय. माकडा येतत, चार उड्ये मारतत, धा कौला फुटतत. आणि पावस काय थोडो पडता? गाभाऱ्यात गळताना देवार प्लास्टिक धरून मी स्वता उबो रवलंय. तेवा खयचो शास्त्रज्ञ इलो नाय. स्लॅब घाला नि मोकळे व्हा.

रसायनवाली_रत्नागिरी

बाबल्याभाऊंचा राग खरा आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कौलं परतणारी माणसं संपत चालली आहेत, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण स्लॅब गळत नाही हे कुणी सांगितलं? खाऱ्या हवेत सळी गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. मग स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. आपल्या किनाऱ्यावर अशी दुमजली टोपी घातलेली देवळं मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरणार नाहीत.

आता चुन्याबद्दल, कारण "जुना चुना कुचकामी" हे वाक्य मी प्रत्येक जीर्णोद्धाराच्या बैठकीत ऐकते. मुरुडच्या समुद्रातला पद्मदुर्ग बघून या. लाटांच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेलेत आणि मधला चुना चौकटीसारखा पुढे उभा आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला तर मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. एकाच समुद्राला दिलेली ही दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही टिकली. म्हणून आपल्या भिंतीत नेमकं काय आहे ते आधी बघायचं.

बघायचं कसं? गिलाव्याची पूड डिस्टिल्ड पाण्यात भिजवून गाळायची, त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, मग सिल्व्हर नायट्रेट. पांढरा साका आला की क्लोराइड, म्हणजे मीठ. आम्ल टाकायला विसरलात तर चुन्यातला कार्बोनेटही साका देतो आणि उगाच घाबरगुंडी उडते (माझ्या विद्यार्थ्यांचं दरवर्षीचं नाटक). मीठ निघालं तर भिंतीला कागदाच्या ओल्या लगद्याचा लेप देतात. वाळताना तो मीठ बाहेर ओढतो. एका लेपात भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. सिमेंटने मीठ जात नाही, आत कोंडतं. तिथे त्याचे स्फटिक वाढतात आणि जांभा पिठासारखा गळू लागतो. सड्यावरच्या भाऊंच्या तीन फुटांच्या गिलाव्यामागे हेच चाललं असण्याची शक्यता आहे.

कोकणातली एक खोच सांगते. चुन्याचं आणि वाळूचं प्रमाण काढायला नमुना आम्लात विरघळवतात. चुना जातो, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) उरते. पण आपल्याकडे वाळूतही शिंपल्यांचा चुरा असतो आणि तोही विरघळतो. मग चुना होता त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून नमुन्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय नुसत्या आकड्यावर मिश्रण ठरवू नये.

देवगडचे_मास्तर

ताई, तुमचं रसायन मान्य. पण तज्ज्ञ आले की वारसा वाचतो, या समजुतीला माझा विरोध आहे. अजिंठ्याची चित्रं आठवा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाने खास इटलीहून जाणकार आणले. त्यांनी रंग सुटू नयेत म्हणून शेलॅक फासलं, म्हणजे आपली लाख. ते पिवळं पडत गेलं, धूळ-काजळी धरून बसलं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षं ते काढण्यात गेली. तेव्हाचं तेच आधुनिक शास्त्र होतं. आमच्या गावच्या मिस्त्रीने निदान एवढं नुकसान केलं नसतं.

आणि आपली कातळशिल्पं? उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी ही नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण त्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, गुरं राखणाऱ्यांना ती आधीपासून माहीत होती. शोधणाऱ्यांनीही गावोगाव विचारतच ती गाठली. गावाचं ज्ञान आधी, यंत्र नंतर.

रसायनवाली_रत्नागिरी

मास्तर, अजिंठ्याचा दाखला बिनतोड. अशा अनुभवांमुळेच तर "जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे" या नियमाला धार आली. आता तोच नियम स्लॅबला लावून बघा. चुन्याचा गिलावा खरवडून निघतो, सिमेंट जांभ्याची साल घेऊन निघतं.

आणि मिस्त्रीला मी कुठे हाकलतेय? वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. ती युक्ती जुन्या कारागिरांचीच. सांगणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून यंत्राला विचारावं लागलं.

लालबागचा_चाकरमानी

मूळ भीती कुणी बोलत नाही, मी बोलतो. तपासणीत देऊळ चारशे वर्षांचं निघालं तर पुरातत्त्व खातं येऊन बसेल. मग शंभर मीटरच्या आत धर्मशाळेची वीटसुद्धा लावता येणार नाही.

सड्यावरचा_वाटसरू

शंभर मीटरची बंदी केंद्राने संरक्षित जाहीर केलेल्या स्मारकांना आहे. जाहीर करायच्या आधी अधिसूचना निघते आणि हरकतींना दोन महिने मिळतात. खडा लॅबमध्ये गेला म्हणून देऊळ सरकारजमा होत नाही.

आणि चारशे वर्षं असं छातीठोक कुणी सांगूही शकणार नाही. १६५० नंतरच्या लाकडाला काळ ठरवायची कार्बन पद्धत फारशी कामाची नाही, एकाच मापाला दोन-तीन वेगळे काळ जुळतात. सागाला वर्षाची वलयं स्पष्ट असतात, त्यांची मोजणी होते. पण खांब तासताना बाहेरची वलयं गेलेली असली तर झाड कधी तोडलं ते नेमकं कळत नाही. शिवाय तो खांब कुठल्या जुन्या वाड्यातून आणलेला असू शकतो. आपल्या छपराचं त्या मानाने सोपं आहे. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, तेव्हा मंगळुरी कौलं त्यानंतरचीच.

गुरवाघरचा

इतकी चर्चा झाली, गुरवाला कुणी विचारलं नाही. खांबाला सुई लावायची असेल तर आधी देवीला कौल लावावा लागेल. हे थट्टेने लिहीत नाही. उजवा कौल, म्हणजे देवीचा होकार, मिळाला तर मी स्वतः दिवा धरून उभा राहीन. गाभाऱ्यातला खडा मात्र मिळायचा नाही, सभामंडपातला घ्या. आणि सोवळं पाळून.

सड्यावरचा_वाटसरू

काका, चुकलं माझं. रविवारी येतो, आधी तुमच्याकडे. त्या दिवशी फक्त फोटो काढायचे म्हणतोय. त्रिमितीय नकाशासाठी शेजारच्या दोन फोटोंत निदान साठ टक्के भाग सारखा यायला हवा, म्हणजे शेकडो फोटो होतील. आढ्याचे कसे काढायचे तेच समजत नाही.

मालवणचो_बाबल्या

शिडी माजी हा. टेम्पोत घालून हाडतंय, चडतलंय पण मीच, तुमी खाली धरा. स्लॅबचा माजा म्हणणा मात्र बदलूक नाय हा.

लालबागचा_चाकरमानी

शिडी चढा, फोटो काढा, कौलही लावा. पण पावत्या "नूतन मंदिर बांधकाम" म्हणून फाडल्यात. ते पैसे कागदाच्या लगद्यावर खर्च झाले तर मंडळाच्या सभेत उभं कोण राहणार, ते आधी ठरवा.