विशी-पंचविशीत भिडतील अशी व्होकालॉइड गाणी कुठली? नुसती यादी नको, कारण पण सांगा

घणसोली_लोकल:
मंडळी, मदत हवीय. शाळेत असताना चुलतभावाच्या नादाने हात्सुने मिकूची, म्हणजे व्होकालॉइड ह्या गाणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या आवाजाची, गाणी ऐकायचो, सेनबोनझाकुरा, मेल्ट, वर्ल्ड इज माइन वगैरे, तेव्हा शब्द कोण बघतंय, नुसती चाल आवडायची. आता तेविसावं चालू आहे, ऐरोलीला नोकरी, शिफ्ट सारखी बदलते, ग्रुपमधले निम्मे पुण्याला नाहीतर बाहेर गेले, आणि घरी कोणी काही बोलत नाही पण "मग पुढे काय ठरवलंयस" हा प्रश्न जेवताना ताटात असतोच. परवा ठाण्याहून येताना मेल्ट आपोआप लागलं, छान वाटलं, पण ते पहिल्या प्रेमाचं गाणं, आत्ता माझ्या डोक्यात जे चालू आहे त्याच्याशी काही संबंध नाही त्याचा. तर ह्या वयात ऐकावीत अशी सांगा ना. जपानी येत नाही, भाषांतर वाचून ऐकतो. मिकूच पाहिजे असंही नाही.

निळ्या_वेण्या:
अरे हा तर माझा विषय, लांबलचक होईल, वाच निवांत.

आधी एक गोष्ट. मिकूचं वय तिला बनवणाऱ्या कंपनीने १६ लिहिलंय म्हणून लोकांना वाटतं ही शाळकरी पोरांची गाणी, पण लिहिणारे बघ ना कोण होते. हाची, म्हणजे आत्ताचा जपानी गायक केन्शी योनेझू, त्याने २०१० मध्ये मात्र्योष्का टाकलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता. वोवाका नावाच्या दुसऱ्या संगीतकाराने त्याच वर्षी रोलिंग गर्ल टाकलं तेव्हा तो २२ चा. घरी कॉम्प्युटरवर एकेक सूर आणि एकेक अक्षर भरून गाणं बनवायचं आणि निकोनिको ह्या जपानी व्हिडिओ साइटवर टाकायचं, ना बँड ना गायिका ना स्टुडिओचं भाडं. त्यामुळे तुझ्याच वयाच्या माणसाच्या डोक्यातलं जे काय आहे ते मध्ये कोणी न पडता सरळ बाहेर आलंय.

तुला पहिलं सांगेन ते नानोऊचं हॅलो, हाऊ आर यू, २०१० चं, मिकूच गाते. मुसळधार पावसाची सकाळ, रिकाम्या खोलीत खिडकी उघडून एक मुलगी हळूच हॅलो म्हणते, ऐकायला कोणी नाही. कोणीतरी माझी चावी फिरवा म्हणते. मग एका जुन्या कार्टूनमधलं पात्र आठवतं, त्याच्यावर सगळे प्रेम करायचे म्हणून तिला त्याचा हेवा वाटतो, आणि मग पुरे झाला हा वेडेपणा, आवरायला हवं म्हणून उठते, रडल्याच्या खुणा झाकायला. बास. एवढंच घडतं. जुलैत सकाळची शिफ्ट असताना हे ऐक, तुला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि इथे मिकूचा आवाज फार महत्त्वाचा आहे. माणूस गायिका असती तर त्या ओळींवर गळा दाटून आणला असता. मिकू तसं काही करत नाही, सपाट गाते, रडायचं की नाही ते तुझ्यावर सोडते. मला तरी ह्या वयात तेच बरं वाटतं, आपल्या वतीने कोणी आधीच रडून घेतलेलं नको असतं.

मग रोलिंग गर्ल. पोरगी पडते, परत उठते, अजून एकदा म्हणते, आणि कोणी विचारलं तर काही नाही, ठीक आहे म्हणते. चाल इतकी धावती की श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही, माणसाला गाताना दम लागतो ती जागा मिकू तशीच ओलांडते. वोवाका २०१९ च्या एप्रिलमध्ये गेला, फक्त ३१ वर्षांचा होता. तेव्हापासून मी ते गाणं मध्येच बंद करत नाही, लावलं की पूर्ण ऐकते.

तिसरं पिनोकिओपीचं स्लो मोशन. त्यात माणूस वयाने पुढे पुढे जातो, दहा-पंधरा वर्षांचा असताना आयुष्य म्हणजे काय ते कळल्याच्या थाटात असतो आणि विशीत आल्यावर बोललेलं सगळं मागे घेतो, शरमतो. तेविसाव्या वर्षी ह्याच्यासारखं दुसरं गाणं नाही, खरंच सांगते.

तलावपाळी_११वाजता:
वेण्याताईंचं सगळं मान्य पण रात्री दमून येणाऱ्या पोराला तिन्ही गाणी जड देऊ नका हो. ट्रान्स हार्बरच्या गर्दीत उभं राहून मला तरी अंगात जोर येईल असं काहीतरी लागतं. मिकितोपीचं रोकी ऐक, २०१८ चं, कागामिने रिन आणि मिकितोपी स्वतः मिळून गातात, मशीनचा आवाज आणि माणसाचा आवाज एकमेकांवर ओरडतायत, भारी प्रकार आहे. त्याच्यानंतर लगेच टेल युअर वर्ल्ड, ते २०११ च्या शेवटी जपानमध्ये गुगल क्रोमच्या जाहिरातीत आलं होतं, केझेड नावाच्या संगीतकाराचं. जाहिरातीचं आहे म्हणून नाक मुरडू नको, आपल्या आत साठलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं आहे एवढंच ते म्हणतं, आणि मित्र गावोगाव पांगलेत म्हणतोस ना, त्यांना पाठवायला हेच.

आणि ज्याला कधीतरी आपलं सोडून दिलेलं काम आठवतं त्याने वाळूचा ग्रह ऐकावं, सुना नो वाकुसेई. मिकूची दहा वर्षं झाली तेव्हा २०१७ मध्ये हाची व्होकालॉइडकडे परत आला आणि वाढदिवसाच्या गाण्यात केक-फुगे नाही, वाळवंट दाखवलं. बऱ्याच लोकांना राग आला होता. मला ते फार खरं वाटतं, जिथून आपण मोठे झालो ती जागा ओस पडतेय असं वाटणं आणि तरी तिथेच येऊन गाणं. त्याच वर्षी वोवाकाही बऱ्याच वर्षांनी अननोन मदर गूज घेऊन आला होता. ही दोन एकामागोमाग ऐक.

सेक्टर१५_कोपरखैरणे:
मिकू नसली तरी चालेल म्हणालायस म्हणून माझे दोन पैसे. बलूनचं शार्ल, २०१६, आवाज व्ही फ्लॉवरचा, थोडा खरखरीत, मुलगा की मुलगी कळत नाही असा. दोघं वेगळे होतायत आणि भांडण नाहीये, हीच त्याची खासियत. ब्रेकअप झालं असेल तर एकटं असताना ऐक. बलून पुढे सुदा केइना नावाने स्वतः गायला लागला, त्याच्या आवाजातलंही आहे, पण आधी फ्लॉवरचं ऐक.

नवीन पाहिजे असेल तर इयोवाचं क्यूकुरारिन, २०२१, काफू गाते. बाहेरून गोड गोड खेळण्यातलं वाटतं, आत पोरगी लोकांसमोर चांगलं दिसण्याच्या नादात विस्कटलेली आहे. ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा ऑन करून हसणाऱ्या सगळ्यांनी ऐकावं. कासाने तेतो नावाच्या आवाजाची गाणी पण बघ, ती २००८ मध्ये एप्रिल फूलची गंमत म्हणून जन्माला आली आणि आज मिकूच्या शेजारी उभी आहे, मला त्याचा फार आनंद होतो.

एक कळकळीची सूचना. लोक तुला कांझाकी इओरीचं इनोची नी किरावारेते इरू सुचवतीलच. गाणं मोठं आहे, शेवटी जगायलाच सांगतं, पण तिथपर्यंत जाताना मरणाबद्दल फार उघड बोलतं. मन आधीच खाली असेल त्या दिवशी नको, आणि असे दिवस ओळीने येत असतील तर गाणं बाजूला ठेव आणि कोणाशी तरी बोल. इथे मेसेज केलास तरी चालेल.

घणसोली_लोकल:
धन्यवाद सगळ्यांना, मनापासून. हॅलो, हाऊ आर यू आज सकाळी रबाळे येईपर्यंत ऐकलं, भाषांतर उघडून. ती मुलगी चावी फिरवायला सांगते तिथे मोबाईल खिशात ठेवला आणि परत पहिल्यापासून लावलं. रोकी ऑफिसमधल्या मित्राला पाठवलंय, त्याने कधी व्होकालॉइड ऐकलं नाही, त्याचा रिप्लाय आला की हा दुसरा आवाज कोणाचा. स्लो मोशन आज रात्री. ताई, स्लो मोशनचं चांगलं भाषांतर कुठलं वाचू, मला मिळालंय ते शब्दाला शब्द लावलेलं आहे, तिशीच्या पुढचं काहीच कळत नाहीये.

निळ्या_वेण्या:
व्हिडिओखाली सबटायटल चालू करून बघ आधी, नसेल तर मी रविवारी बसून मराठीतच लिहून टाकते इथे.