दोघंही एएस निघालो, लग्न करावं का?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाबा दोघांकडून सदोष जनुक आलेलं. पावसात भिजला की रात्रभर गुडघे धरून कण्हतो, आई तव्यावर फडकं तापवून शेकत बसते. मी वाहक, म्हणजे एएस, सदोष जनुक एकच. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याचाही इलेक्ट्रोफोरेसिसचा (हिमोग्लोबिनच्या तपासणीचा) रिपोर्ट एएस आलाय. मुलगा मनापासून आवडलाय. नकार देऊ?

उत्तर: ताई, मी नर्स आहे. प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के. पहिलं निरोगी झालं तरी दुसऱ्या वेळी तेवढीच! १० ते १२ आठवड्यांत वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना तपासून बाळ एसएस आहे का ते कळतं. आधी दोघं समुपदेशनाला जा.

उत्तर: जीन थेरपीच्या भरवशावर मात्र राहू नका. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेने कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या जीन थेरपीला मंजुरी दिली. रुग्णाच्याच मूळ पेशींत क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्राने बदल करतात, मग गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. पण तिथली किंमत २२ लाख डॉलर, शिवाय आधी केमोथेरपी. भावाला हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू आहे ना?

प्रश्नकर्ती: हो, दोन वर्षं झाली, दुखणं बरंच कमी आहे. वारेच्या तपासणीचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी त्याच्याशी बोलते.