अठराव्या दिवसापर्यंत जिवंत, मग अंड्यातच मेली. पाणी कमी पडलं की जास्त झालं?

पहिलीच_खेप:
नमस्कार मंडळी. पंखा असलेलं छोटं इन्क्युबेटर, कोंबडीची १२ अंडी. तापमान ३७.५ अंश, दिवसातून पाच वेळा अंडी हाताने फिरवली, सातव्या दिवशी टॉर्चवर बघून दोन रिकामी काढली. उरलेल्या दहांत अठराव्या दिवशी हालचाल दिसत होती. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली, पायावर पक्की. बाकीच्या सहांत काहीच नाही. दोन दिवस वाट पाहून फोडली तर आत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं, मेलेली. फोडताना हाताला चिकट पाणी लागलं आणि दोघांचा बलक अजून पोटाबाहेर होता. ते बघून परत अंडी भरावीत की नाही असं झालंय.

आर्द्रता पहिल्या दिवसापासून ५५ ठेवली होती, म्हणजे हायग्रोमीटर ५५ दाखवेल एवढं पाणी. त्यासाठी दोन्ही पन्हळी कायम भरलेल्या लागायच्या. शेवटच्या तीन दिवसांत तर ओला स्पंजही ठेवला, तरी काटा ६५ च्या वर जाईना. सगळे म्हणतात शेवटी कोरडं पडलं की पिल्लू अडकतं. माझंही तसंच झालं का? पुढच्या वेळी अजून पाणी कसं वाढवू?

खुराडं_आणि_मी:
थांबा, पाणी वाढवू नका. तुम्ही सांगताय ती कोरडेपणाची लक्षणं नाहीत, उलटी आहेत. कोरडं पडलेलं पिल्लू बारकं असतं, पापुद्रा त्याच्या अंगाला कागदासारखा चिकटतो. तुमची भिजलेली, फुगलेली होती. म्हणजे अंड्यातलं पाणी बाहेर गेलंच नाही.

अंड्याला श्वास घेता येईल एवढी पोकळी बोथट टोकाकडे तयार व्हावी लागते, आणि ती होते पाणी उडून गेल्यामुळेच. पिल्लू आधी त्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं, मग टरफल टोचतं. पोकळी लहान राहिली की चोच हवेत जायच्या ऐवजी पाण्यात जाते. बुडून मरतं बिचारं, टरफलाच्या आत.

बलक बाहेर राहणं तापमानाच्या चुकीनेही होतं. पण तापमान कमी असतं तर पिल्लं उशिरा निघाली असती, जास्त असतं तर आधी. तुमची चार बरोबर एकविसाव्याला निघाली, म्हणून माझा संशय पाण्यावर.

एक विचारतो: एखाद्या तरी अंड्याचं वजन केलं होतं का?

पहिलीच_खेप:
एकाचं केलं होतं, सहज गंमत म्हणून! पेन्सिलने ७ आकडा टाकलेलं अंडं. पहिल्या दिवशी ५४ ग्रॅम, अठराव्या दिवशी साडेपन्नास. तेही निघालं नाही.

खुराडं_आणि_मी:
मग उत्तर तुमच्याच वहीत होतं की! साडेतीन ग्रॅम म्हणजे साडेसहा टक्के. अठराव्या दिवसापर्यंत साधारण ११ ते १४ टक्के वजन उतरायला हवं. ५४ चं ४७ च्या आसपास यायला पाहिजे होतं.

५५ च्या आर्द्रतेत एवढं कमी उतरणं पटत नाही. तुमचं हायग्रोमीटर खोटं बोलतंय, पैजेवर सांगतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट डब्यात शेजारी ठेवा, खोलीच्या तापमानाला, १२ तास. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मीटर काय दाखवतंय ते इथे लिहा.

ओलं_फडकं:
मी तर मीटर ठेवतच नाही. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला सुती वात गुंडाळायची, तिचं टोक पाण्यात. कोरडा ३७.५ असताना ओला २९ दाखवला तर आर्द्रता ५० च्या थोडी वर, साडेबत्तीस दाखवला तर सत्तरच्या घरात. वात मळली की आकडा चुकतो, एवढंच सांभाळा.

आणि बाहेरच्या हवेकडे बघता की नाही? हवा तापली की तिची तहान वाढते. बाहेर २५ अंश आणि ८० टक्के असेल तर तीच हवा आत ३७.५ ला गेल्यावर ४० टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात पहिले अठरा दिवस पन्हळीत पाणी जवळजवळ लागतच नाही. बाहेर २५ आणि ३० टक्के असेल तर आत १५ च राहतात, तेव्हा मात्र पाण्याशिवाय भागत नाही. म्हणून कुणाच्या पन्हळी बघून आपल्या भरू नयेत.

चिवचिव_ताई:
माझी चूक नेमकी उलटी होती. पहिलं भोक दिसलं की मी झाकण उघडायची, फोटो काढायची, परत उघडायची. दर वेळी दमट हवा भसकन बाहेर. एका पिल्लाच्या भोकात पांढरा ओलसर पापुद्रा होता, संध्याकाळी तो पिवळट, कडक, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखा झाला. पिल्लू आत फिरूच शकेना. तेव्हापासून अठराव्या दिवशी ६५-७० करून झाकण लावते ते लावतेच. भोक पाडल्यावर बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात. पोटात बलक असतो, निघाल्यावर दोन दिवस खायला नसलं तरी मरत नाहीत.

पाणी वाढवायचं तर खोली वाढवून उपयोग नाही, पसरट भांडं हवं. घालायचं ते कोमट. आणि दादा, आर्द्रता टिकावी म्हणून हवेची भोकं बुजवू नका. शेवटच्या दिवसांत पिल्लांना हवा सगळ्यात जास्त लागते.

पहिलीच_खेप:
मीटर ७५ च्या जागी ६१ दाखवतोय. १४ ने कमी! म्हणजे मी ५५ समजत होतो तेव्हा आत सत्तरच्या आसपास होतं, अठरा दिवस. आता मीटरवर पट्टी चिकटवून लिहिलंय, "अधिक १४".

नवीन अंडी आज भरली. या वेळी सगळ्यांचं वजन.

पहिलीच_खेप:
तीन आठवड्यांनी परत आलो. एक रिकामं वजा करून ९ अंड्यांचं एकूण वजन: सुरुवातीला ४७७ ग्रॅम, सातव्या दिवशी ४५४, चौदाव्या ४३२, अठराव्या ४१७. एकच पन्हळ, तीही अर्धी. टॉर्चवर पोकळी या वेळी चांगली तिसरा हिस्सा दिसत होती.

आज विसावा दिवस, संध्याकाळ. दोन अंड्यांना भोकं, तिसऱ्यातून नुसता आवाज. झाकण उघडलेलं नाही, शपथ. पण वरच्या काचेवर आतून पाणी धरलंय, थेंब खाली पडताहेत. पुसायला उघडू का?

खुराडं_आणि_मी:
साडेबारा टक्के उतरलंय, छान. उघडू नका. हवेचं भोक अर्धं असेल तर पूर्ण करा, तासाभरात काच निवळेल. पहिली दोन सुकायला लागली की त्यांच्या अंगची ओल हवेत येऊन आकडा परत चढेल, तेव्हाही हात लावू नका.